वाळत्या थेंबातला दुसरा कण

मुंबईत माहुलला दोन मोठे तेलशुद्धीकरण कारखाने आहेत. दोन्हींत एफसीसी नावाचं युनिट आहे. जड तेलाचे लांब रेणू तोडून त्यांतून पेट्रोल आणि एलपीजी काढणं हे त्याचं काम. या युनिटच्या पोटात उत्प्रेरकाची पूड गरम वाफांच्या झोतावर अखंड फिरत असते. पुडीतला एकेक कण सरासरी ७० मायक्रोमीटरच्या आसपासचा, म्हणजे केसाच्या जाडीएवढा गोळा असतो. त्याच्या आत झिओलाइटचे बारीक स्फटिक, केओलिन मातीचे पापुद्रे आणि या दोघांना धरून ठेवणारा ॲल्युमिना किंवा सिलिकाचा अतिसूक्ष्म बांधणारा माल असतो. हे कण गोल असणं ही चैन नाही. कोपरे असलेले कण एकमेकांवर आपटून झिजतात, त्यांची धूळ होते, ती धूळ पकडणाऱ्या सायक्लोनमध्ये न अडकता धुराड्यातून निघून जाते, आणि मग तेवढा महागाचा माल नव्याने भरावा लागतो.

वेगवेगळ्या जातींचे अतिसूक्ष्म कण पाण्यात एकत्र कालवायचे, त्या पाण्याचे थेंब करायचे, थेंब वाळवायचे आणि प्रत्येक थेंबामागे एक संमिश्र सूक्ष्मकण मिळवायचा, ही कल्पना जुनीच आहे. अमेरिकेत सॅम्युएल पर्सी यांनी फवारून वाळवण्याच्या पद्धतीचं पेटंट १८७२ साली घेतलं. आणंदला १९५५ साली म्हशीच्या दुधाची पूड याच पद्धतीने होऊ लागली. दूध तरी दुसरं काय आहे? शंभर-दोनशे नॅनोमीटरचे केसिनचे पुंजके, त्यांच्याहून कितीतरी लहान निवळीतली (व्हे) प्रथिनं, आणि विरघळलेली साखर व क्षार. फ्रान्समध्ये रेन इथल्या दुग्धसंशोधकांनी या दोन प्रथिनांचे थेंब वेगवेगळे वाळवून पाहिले. निवळीतल्या प्रथिनाचा थेंब आतून पोकळ पण बाहेरून गुळगुळीत गोल राहतो, तर केसिनचा थेंब सुरकुततो आणि दबतो. पाणी तेच, थेंबाचं माप तेच, फक्त कण बदलला आणि आकार पालटला.

आकार हवा तसा कसा मिळवायचा, हा गेल्या वीसपंचवीस वर्षांतल्या कलिलविज्ञानाचा, म्हणजे द्रवात पांगलेल्या सूक्ष्म कणांच्या विज्ञानाचा, एक मोठा प्रश्न आहे. त्यावरचं लिखाण चाळलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. मिश्रणात दुसरा कण बहुतेक वेळा गुणधर्मासाठी घातलेला असतो. चुंबकत्व हवं म्हणून लोहऑक्साइड, उत्प्रेरण हवं म्हणून टायटॅनिया, वीज साठवायची म्हणून सिलिकॉन. पण थेंब वाळू लागला की हाच पाहुणा आकाराचाही निर्णय करतो, आणि पुष्कळदा थोड्याशा प्रमाणात असूनही करतो. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात उपयोगी ज्ञान इथेच आहे, आणि सगळ्यात जास्त गोंधळही.

आधी शर्यत समजून घ्यावी लागते. थेंबाच्या पृष्ठभागावरून पाणी उडतं तसा पृष्ठभाग आत सरकतो. सरकताना तो वाटेतले कण पुढे ढकलतो. कणांना विसरणाने आत पांगायला पुरेसा वेळ मिळाला तर थेंब सगळीकडून सारखा दाट होत आक्रसतो आणि शेवटी भरीव गोळा राहतो. वेळ मिळाला नाही तर कण काठाशी साचतात आणि कवच तयार होतं. या दोन वेळांच्या गुणोत्तराला पेक्ले अंक म्हणतात. आकडे घालून पाहू. १० मायक्रोमीटर व्यासाचा पाण्याचा थेंब साधारण कोरड्या हवेत सेकंदाच्या एक दशांश भागात वाळतो. २० नॅनोमीटरच्या कणाला थेंबाच्या काठापासून मध्यापर्यंतचं अंतर विसरणाने कापायला सुमारे एक सेकंद लागतो. २०० नॅनोमीटरच्या कणाला दहा सेकंद. मिठाच्या आयनाला मात्र सेकंदाचा साठावा भाग पुरतो. म्हणजे मीठ शर्यत आरामात जिंकतं, लहान नॅनोकण दहापटीने हरतो आणि मोठा शंभरपटीने. स्प्रे ड्रायरमध्ये हवा दीड-दोनशे अंश तापलेली असते, तिथे हार आणखी मोठी.

या हिशेबात एक गंमत आहे आणि ती बऱ्याच जणांच्या नजरेतून निसटते. स्थिर हवेत थेंब वाळायला लागणारा वेळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि विसरणाचा वेळही अंतराच्या वर्गाच्याच प्रमाणात वाढतो. त्यामुळे गुणोत्तर बदलतच नाही. एक मिलिमीटरचा थेंब पावएक तास घेईल, त्यातला कण मध्यापर्यंत पोचायला दोन-तीन तास घेईल, पण शर्यतीचा निकाल तोच लागेल. म्हणून मोठ्या थेंबावर केलेले प्रयोग लहान थेंबाला लागू पडतात असं मानायची सवय पडली. ती अर्धीच बरोबर आहे. मोठ्या थेंबात कण खाली बसतात, आत प्रवाह फिरतात, आणि कवचाच्या जाडीत कणांचे किती थर मावतात हेही बदलतं. पेक्ले अंक सारखा असला तरी बाकीच्या गोष्टी सारख्या नसतात.

कवच झालं म्हणजे आकार बिघडलाच, असंही नाही. कवचातले कण अजून एकमेकांना टेकलेले नसतात तोवर ते सरकतात, थेंब गोल राहून लहान होत जातो. खरा पेच पुढे येतो. कण टेकले की त्यांच्यामधल्या फटींत पाण्याचे बारीक अंतर्वक्र पृष्ठ तयार होतात आणि पृष्ठताण आतलं पाणी बाहेर ओढू लागतो. फट दहा नॅनोमीटर त्रिज्येची असेल तर ही ओढ दीडशे वातावरणांच्या आसपास जाते. बाहेर पाणी उडत राहतं, आतलं पाणी कवचाच्या फटींतून मार्ग काढत बाहेर येतं, आणि कवचावर आतल्या दिशेने दाब पडतो. पातळ कवच वाकतं. वाकणं एकदा एका जागी सुरू झालं की तीच जागा सगळ्यात कमकुवत ठरते आणि तिथेच खळगा खोल होत जातो. खळगा दुसऱ्या बाजूपर्यंत पोचला की कण मेदुवड्यासारखा दिसतो. पाश्चात्त्य शोधनिबंधांत त्याला डोनट म्हणतात. आपल्याला त्यासाठी बेकरीपर्यंत जायची गरज नाही.

हार्वर्डमध्ये निकोला त्सापिस, लक्ष्मीनारायण महादेवन, डेव्हिड वाइट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली हे वाकणं नेमकं कधी सुरू होतं याचा हिशेब मांडला. त्यांनी तापलेल्या पत्र्यावर स्वतःच्याच वाफेच्या गादीवर तरंगणारे थेंब वापरले. तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो त्यामागचा हा परिणाम लायडेनफ्रॉस्ट यांनी १७५६ साली वर्णन केला होता. हार्वर्डच्या मांडणीत मुद्दा असा की नॅनोकणांवरचा सारखा विद्युतभार त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो, कवच तोवर दाट द्रवासारखं वाहू शकतं. फटींतली ओढ त्या दूर ठेवणाऱ्या बळावर मात करते तेव्हा कण एकदम चिकटतात, कवच घट्ट होतं आणि तिथून पुढे ते आक्रसू शकत नाही, फक्त वाकू शकतं. लवचीक कवचाच्या जुन्या सिद्धांतानुसार त्याला वाकवायला लागणारा दाब कवचाची जाडी भागिले त्रिज्या याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. जाडी निम्मी झाली की ताकद चौथाई.

आता माहुलच्या शेजारी, तुर्भ्याला जाऊ. भाभा अणुसंशोधन केंद्रात देबाशिस सेन, जितेंद्र बहादूर, एस. मजुमदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकाच्या कलिलावर स्प्रे ड्रायर चालवून गेली वीसेक वर्षं जे काम केलं आहे, ते या विषयात जगभर वाचलं जातं. सेन यांनी फ्रान्समधल्या साक्ले इथल्या गटाबरोबर २००७ साली आधी हे दाखवलं की फवारा अगदी सावकाश वाळवला तर काही मायक्रोमीटरचे थेंबही न दबता भरीव गोळे होतात. म्हणजे शर्यतीचा वेग हाच पहिला लगाम. पण कारखान्यात सावकाश वाळवणं परवडत नाही. थेंब ज्यात वाळतात तो मनोरा उंच करायचा तरी किती? मग दुसरा लगाम शोधणं भाग पडलं, आणि तो मिश्रणात सापडला.

२०१२ सालचा त्यांचा प्रयोग मला फार आवडतो. नुसत्या सिलिकाचे थेंब वाळवले तर दबलेले, मधे भोक पडलेले कण मिळत होते. त्यांनी सिलिकाच्या कणांवर पॉलिएथिलीन ग्लायकॉल हा लांब साखळीचा मऊ पदार्थ चढवला. दबणं थांबलं, कण गोल राहिले. इथपर्यंत लवचीक कवचाचा सिद्धांत ठीक चालतो. पण साखळी बरीच लांब घेतली आणि तिचं प्रमाण वाढवलं, तर कण ना गोल राहिले, ना एका बाजूने दबले. त्यांच्यावर ठिकठिकाणी छोटे खळगे पडले आणि ते फुटबॉलसारख्या दिसणाऱ्या बकीबॉलच्या आकाराचे झाले. कारण असं निघालं की कवचात मऊ पदार्थाचे डाग तयार होतात आणि प्रत्येक डाग हा दबण्याचं एक स्वतंत्र केंद्र बनतो. एकसारख्या कवचाला एकच कमकुवत जागा सापडते, असमान कवचाला अनेक. म्हणजे तोच पदार्थ आधी दबणं थांबवतो आणि नंतर पाच-पंचवीस जागी दबायला लावतो. एका घटकाच्या प्रमाणावर नियम बांधून बसणाऱ्यांनी हा प्रयोग टेबलासमोर चिकटवून ठेवावा.

याच गटाने २०१० साली सिलिकाच्या कलिलात ई. कोलाय जिवाणू मिसळून थेंब वाळवले होते. जिवाणू म्हणजे दीड-दोन मायक्रोमीटर लांबीचा मऊ लंबगोल. नॅनोकणाच्या मानाने अजस्र. त्याच्या मिसळण्याने कवच जागोजागी मऊ झालं आणि गोल कणाकडून मधे भोक असलेल्या कणाकडे आकार सरकला. नंतर कण भाजले तर जिवाणू जळून गेले आणि त्यांच्या मापाच्या पोकळ्या सिलिकात उरल्या. जैविक आणि खनिज कणांच्या मिश्रणाचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं क्वचितच असेल. आतल्या भोकांसाठी घातलेला घटक बाहेरचा आकारही बदलून गेला, हा तिथला खरा धडा.

मऊपणा ही एक किल्ली झाली. दुसरी किल्ली मापाची, आणि इथे गेल्या दहा वर्षांत समजूत चक्क उलटी झाली. दोन मापांचे कण मिसळले तर वाळताना वर कोण राहील? जुना तर्क सरळ होता. मोठा कण सावकाश पांगतो, म्हणून तो पृष्ठभागाशी अडकेल आणि लहान कण आत निसटेल. २०१६ साली इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठाच्या आणि फ्रान्समधल्या लिऑनच्या संशोधकांनी वाळत्या थरांत नेमकं उलटं दाखवलं. वाळणं पुरेसं जलद असेल आणि लहान कण पुरेसे असतील, तर लहान कणच वरच्या थरात जमतात आणि मोठे खाली ढकलले जातात. पृष्ठभागाशी लहान कणांची गर्दी होते, खाली विरळ असतात. या चढ-उतारामुळे मोठ्या कणावर जो धक्का बसतो तो त्याच्या मापाबरोबर वाढतो, म्हणून मोठा कण सरकत्या पृष्ठभागापेक्षाही जलद खाली पळतो. पुढच्या वर्षी झोउ, जिआंग आणि मसाओ दोई यांनी हे केव्हा घडेल याचा निकष काढला. त्याच सुमारास सीअर आणि वॉरन यांनी सुरुवातीच्या मांडण्यांत हा धक्का वाजवीपेक्षा जास्त धरला गेल्याचं दाखवलं, कारण कणांभोवतीच्या द्रवाचा उलटा प्रवाह हिशेबात नव्हता. वाद पुरता मिटलेला नाही, पण लहान कण वर येऊ शकतात हे आता कोणी नाकारत नाही.

हे सगळं सपाट थरांतलं. थेंबात याचा अर्थ काय? संमिश्र कण करणाऱ्याला आधी हा प्रश्न पडतो की महागडा, क्रियाशील घटक बाहेरच्या कातडीत जाणार की आत गाडला जाणार. उत्प्रेरकाच्या दृष्टीने हा पैशाचा प्रश्न आहे. पण आकाराच्या दृष्टीने त्याचा दुसरा परिणाम आहे आणि त्याची चर्चा कमी होते. कणांच्या थरातून पाणी पाझरण्याची सोय कणाच्या व्यासाच्या वर्गानुसार बदलते. कातडी दहापट बारीक कणांची झाली तर पाणी शंभरपट अडखळतं, आणि फटी लहान झाल्यामुळे ओढ दहापट वाढते. म्हणजे लहान कण वर आले तर कवच पातळ असतानाच जोराचा दाब येतो. दोन मापांचे कण एकत्र केल्यावर, मोठ्या कणांनी भरीव गोळा होईल अशी अपेक्षा असताना सुरकुतलेली पूड हाती येते, त्यामागे पुष्कळदा हीच साखळी असावी असं मला वाटतं. उपायही त्याच साखळीत आहे: लहान कणांचं प्रमाण निकषाच्या खाली ठेवायचं, किंवा त्यांना मोठ्या कणांना आधीच चिकटवून टाकायचं.

चिकटवण्याचा मार्ग विद्युतभाराचा. पाण्यात सिलिकावर साधारण ऋण भार असतो, ॲल्युमिनावर उदासीन पाण्यात धन. दोन्ही मिसळले तर ते थेंब होण्याआधीच एकमेकांना धरतात. प्रमाण जमलं तर सैल जाळं तयार होतं. त्याला शर्यतीशी देणंघेणं राहत नाही, कारण एकटा कण पांगायला मोकळाच नसतो. घटक वेगळे होत नाहीत, आतली भोकं मोठी राहतात, पाणी सहज बाहेर येतं. प्रमाण चुकलं तर मात्र मिश्रण भांड्यातच घट्ट होतं आणि फवारा सोडणारा नोझल तुंबतो. कारखान्यातल्या माणसाला पेक्ले अंकापेक्षा या तुंबण्याची धास्ती जास्त असते, आणि ते योग्यच आहे.

जपानमध्ये हिरोशिमा विद्यापीठात किकुओ ओकुयामा आणि फेरी इस्कंदर यांनी विद्युतभार आणि माप या दोन्ही किल्ल्या एकत्र वापरल्या. काही नॅनोमीटरचा सिलिका आणि काहीशे नॅनोमीटरचे पॉलिस्टायरीनचे गोळे मिसळून फवारायचे, आणि त्याच वाटेवर पुढच्या जास्त तापलेल्या भागात पॉलिस्टायरीन जाळून टाकायचं. उरतो तो मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं असलेला सिलिकाचा गोळा. पॉलिस्टायरीनच्या पृष्ठभागावरचा भार उलटा घेतला तर सिलिका आधीच त्याला गुंडाळतो आणि जळल्यावर पोकळ कवच मिळतं. नंदियांतो आणि ओकुयामा यांनी २०११ साली या सगळ्या आकारांचा जो आढावा घेतला तो अजूनही या विषयाचं उत्तम प्रवेशद्वार आहे, फक्त त्यातल्या सुंदर छायाचित्रांना भुलून पुढच्या वाचकांनी आकार म्हणजे पाककृती असा समज करून घेतला, हे त्याचं दुर्दैव.

गोल नसलेले कण मिसळले तर काय होतं, यावर थोडक्यात सांगतो, कारण इथलं चित्र अजून तुकड्यातुकड्यांचं आहे. लंबगोल कण थेंबाच्या पृष्ठभागावर अडकतात, एकमेकांना विचित्र रीतीने ओढतात आणि वाळल्यावर काठाला डाग उमटू देत नाहीत, हे पेनसिल्व्हेनियातल्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं. त्याच वर्षी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात जियाशिंग हुआंग यांच्या गटाने ग्राफीन ऑक्साइडचे पापुद्रे असलेले थेंब गरम नळीतून नेले आणि चुरगळलेल्या गोळ्यांच्या आकाराचे कण मिळवले. पुढे त्यांनी त्यांतच सिलिकॉनचे नॅनोकण मिसळले. पापुद्रे पृष्ठभागाकडे जातात, सिलिकॉन आत राहतो, आणि थेंब आक्रसताना पापुद्रे त्याच्याभोवती चुरगळतात. लिथियम शिरल्यावर सिलिकॉन फुगून जवळजवळ चौपट होतो, त्याला आत फुगायला घड्यांमधली जागा मिळते. बॅटरीच्या कामात इथे दबणं, सुरकुतणं हाच हवा असलेला आकार आहे. गोल कण म्हणजे चांगला आणि दबलेला म्हणजे वाईट, हा हिशेब सगळीकडे चालत नाही.

फुप्फुसातही चालत नाही. श्वासातून औषध खोलवर पोचायचं तर कणाचा हवेतला व्यास एक ते पाच मायक्रोमीटरच्या दरम्यान लागतो. हा व्यास खऱ्या व्यासाला घनतेच्या वर्गमुळाने गुणून येतो. दहा मायक्रोमीटरचा पण पाण्याच्या एक दशांश घनतेचा पोकळ कण हवेत सव्वातीन मायक्रोमीटरच्या कणासारखा वागतो, आणि मोठा असल्याने एकमेकांना चिकटतही कमी. डेव्हिड एडवर्ड्स यांनी १९९७ साली मोठ्या सच्छिद्र कणांची ही कल्पना मांडली. २००२ साली त्यांनी त्सापिस आणि वाइट्झ यांच्याबरोबर ती नॅनोकणांवर आणली: नॅनोकणांचं पातळ कवच असलेला मोठा पोकळ कण फुप्फुसात पोचतो, तिथे विरघळून सुटा होतो आणि आतले नॅनोकण मोकळे होतात. त्याला त्यांनी ट्रोजन कण म्हटलं. उत्प्रेरकवाला ज्या पोकळ कवचाला घाबरतो, औषधवाल्याला तेच हवं असतं.

फवाऱ्याच्या गडबडीपासून दूर, सावकाश वाळवून आकार घडवणाऱ्यांची एक वेगळी परंपरा आहे. ओर्लिन वेलेव्ह आणि सहकाऱ्यांनी २००० साली फ्लोरिनयुक्त तेलावर तरंगणारे पाण्याचे थेंब वाळवून गोल, लंबगोल आणि कड्याच्या आकाराचे कण मिळवले, आणि मिश्रण वापरून असे कण केले की जे चुंबकाने उलटवता येतात. विनोथन मनोहरन आणि डेव्हिड पाइन यांनी २००३ साली तेलाच्या थेंबांत मोजके कण कोंडून त्यांचे ठराविक भूमितीचे पुंजके केले. युट्रेख्टमध्ये २०१५ साली थेंबात कोंडलेले हजारो कण आपोआप वीस पैलूंच्या रचनेत बसतात हे सिद्ध झालं, आणि २०२१ साली दोन मापांच्या कणांच्या मिश्रणातही तशीच रचना सापडली. ही कामं देखणी आहेत, समजुतीसाठी अत्यावश्यक आहेत. पण त्यांत कणाला आपली जागा शोधायला भरपूर वेळ दिलेला असतो. टनावारी पूड काढणाऱ्या मनोऱ्यात तो वेळ नाही, त्यामुळे तिथला आकार समतोलाचा नसून घाईचा असतो. दोन्ही प्रकारांना एकाच आढाव्यात एकाच नियमाखाली बसवण्याचा मोह टाळायला हवा.

आत काय घडलं ते बघायचं कसं, हा तितकाच अवघड भाग. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला बाहेरची बाजू दिसते. आतले दोन घटक कुठे आहेत हे कळायला लहान कोनातलं न्यूट्रॉन विकिरण फार कामाला येतं, आणि तुर्भ्याच्या गटाला ते घराशी उपलब्ध आहे. १९८५ साली सुरू झालेल्या ध्रुव अणुभट्टीवर ही सोय आहे. न्यूट्रॉनचा मोठा फायदा मिश्रणांतच कळतो. कणांच्या फटींत साध्या आणि जड पाण्याचं मिश्रण भरायचं. जड पाणी साठ टक्क्यांच्या जवळपास असलं की सिलिका न्यूट्रॉनला दिसेनासा होतो आणि फक्त दुसरा घटक उरतो. तीस टक्क्यांच्या आसपास पॉलिस्टायरीन अदृश्य होतं आणि सिलिका दिसतो. वाळत असतानाचं बघायचं तर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सप्तर्षी बसू यांच्या गटाने ध्वनिलहरींवर तरंगत ठेवलेल्या नॅनोसिलिकाच्या थेंबांचं गोलापासून कड्यापर्यंतचं रूपांतर कॅमेऱ्यात पकडलं आहे. हे थेंब फवाऱ्यातल्या थेंबांपेक्षा शेकडोपट मोठे असतात, त्यामुळे मघाशी म्हटलेली सावधगिरी इथेही लागते.

एवढं सगळं माहीत असूनही 'आकारावर नियंत्रण' हे शब्द शोधनिबंधाच्या शीर्षकात जितक्या सहज येतात तितकं नियंत्रण प्रत्यक्षात नाही. पुष्कळ निबंधांत पाच मिश्रणं, पाच छायाचित्रं आणि मग प्रत्येक छायाचित्राला साजेसं स्पष्टीकरण असा क्रम असतो. आधी भाकीत करून मग पूड काढलेले निबंध मोजकेच. एक अडचण खरीच आहे. साध्या नोझलमधून निघणाऱ्या फवाऱ्यात दोन मायक्रोमीटरपासून पन्नासपर्यंत सगळे थेंब असतात. गरम हवेच्या झोतात ते वेगवेगळ्या वाटांनी जातात, काहींना कोरडी हवा भेटते, काहींना शेजाऱ्यांच्या वाफेने दमट झालेली. मग एकाच पुडीत गोल, दबलेले आणि भोकाचे कण शेजारी शेजारी सापडतात आणि छायाचित्र कोणत्या कोपऱ्याचं घ्यायचं हे काढणाऱ्याच्या हाती राहतं. ऑस्ट्रेलियात मोनाश विद्यापीठात शियाओ दाँग चेन आणि कॉर्डेलिया सेलोमुल्या यांच्या गटांनी एकाच मापाचे थेंब एकामागून एक सोडणारा ड्रायर बांधला. त्यातून निघणारे कण एकमेकांच्या प्रती वाटतात. आकाराचा नियम तपासायला अशीच पूड हवी.

तोवर या विषयावरचा नवा निबंध हाती आला की मी तीन गोष्टी आधी शोधतो. थेंबांच्या मापाची वाटणी दिली आहे का. मनोऱ्यातून बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान आणि दमटपणा दिला आहे का. आत जाणाऱ्या हवेचं तापमान सगळेच देतात, पण तेवढ्याने भागत नाही. आणि तिसरी, शीर्षकातला आकार पुडीतल्या शंभरातल्या किती कणांना आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात असेल तर मी बाकीचा निबंध वाचतो.